४३ प्रमाणपत्रं झाली. वर्गात काय उतरलं?

माणकाठ | शनिवार, रात्री १०.१२

गेले दोन रविवार कॅसच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीच्या, फायलीत गेले आणि उद्याचाही जाणार. वेतनाच्या लेव्हल ११ वरून १२ ला जायचंय. ड्यू डेट उलटून दोन वर्षं झाली. आमच्या आयक्यूएसीच्या (कॉलेजचा गुणवत्ता कक्ष) मॅडम म्हणाल्या, सोमवारी फाइल द्या, नाहीतर पुढच्या कॅम्पला बघू. म्हणून पलंगाखालची ट्रंक ओढली. (हो, ट्रंकच. आमच्या घरात कपाट पुस्तकांचं आणि ट्रंक प्रमाणपत्रांची.)

मोजली तर ४३ भरली. त्यातली २६ एकट्या २०२० च्या मे-जूनमधली. आठवतंय ना? व्हॉट्सॲपवर लिंक यायची, २० प्रश्न, ४० टक्के पडले की दहा मिनिटांत प्रमाणपत्र मेलवर. मी अर्थशास्त्राचा माणूस, पण माझ्याकडे औषधी वनस्पतींचंही आहे आणि ग्रंथालयशास्त्राचंही. एकावर माझ्या नावाआधी 'श्रीमती' आहे. बायको म्हणते तेवढं फ्रेम करू.

उरलेल्या सतरांत ओरिएंटेशन (नव्या प्राध्यापकांचं प्रशिक्षण) एक, रिफ्रेशर (विषयाची उजळणी) दोन, एका आठवड्याचे एफडीपी (शिक्षक-विकासाचे वर्ग) तीन, स्वयम या सरकारी पोर्टलवरचा एक कोर्स, बाकी परिसंवाद. फाइल बसेल, तो प्रश्न नाही. प्रश्न वेगळाच पडला. मागणीचा नियम मी आजवर तेरा वर्षं तेरा वेळा शिकवला. पुढच्या आठवड्यात एफ.वाय.ला चौदाव्यांदा शिकवणार. या ४३ कागदांपैकी एकामुळे तरी तो यंदा वेगळा शिकवला जाणार आहे का? ट्रंकेसमोर बसून बराच वेळ विचार केला. नाही.

तुमचं काय? एखादं शिबिर, कोर्स, कुणाशी झालेल्या गप्पा, काहीही, ज्याच्यानंतर तुमचा तास बदलला? नेमकं काय बदललं ते सांगा. "खूप शिकायला मिळालं" नको, ते आपण फीडबॅक फॉर्मात लिहितोच.

---

आयक्यूएसी_ग्रस्त | शनिवार, रात्री १०.३१

तुमच्या मॅडमना माझा साष्टांग नमस्कार. मीही तीच मॅडम, फक्त दुसऱ्या जिल्ह्यात.

आमची बाजू पण ऐका. नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) सातपैकी सहाव्या निकषात ६.३ म्हणून एक भाग आहे, शिक्षकांच्या सक्षमीकरणाचा. तिथे विचारतात किती शिक्षक प्रशिक्षणाला गेले, त्याची टक्केवारी. पुरावा म्हणून प्रमाणपत्राची स्कॅन. त्यामुळे मी वर्षभर तुमच्यासारख्यांच्या मागे लागते: सर गेलात का, सर स्कॅन टाकली का, सर उलटी आलीय, सरळ टाका. वर्गात काय बदललं याला रकाना नाही. असता तर मी त्याच्याही मागे लागले असते.

मूळ प्रश्नाचं उत्तर झोपून उठून देते.

---

नियमावली | शनिवार, रात्री ११.०५

धाग्याचा प्रश्न वेगळा आहे हे कळलं. तरी इथे नवीन मंडळी वाचतात म्हणून थोडं.

आपण अजून २०१० च्या डोक्याने फायली भरतो. तेव्हा एपीआय (शिक्षकाच्या कामगिरीला गुण) होता, तीन कॅटेगऱ्या आणि गुणांची बेरीज. आंतरराष्ट्रीय परिषदेत पेपर वाचला की १०, राष्ट्रीय ७.५, राज्यस्तरीय ५, स्थानिक ३. तालुक्यातालुक्यात आंतरराष्ट्रीय परिषदा का उगवल्या त्याचं उत्तर या चार आकड्यांत आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) जुलै २०१८ च्या विनियमांनी महाविद्यालयीन शिक्षकांची ही बेरीज काढून टाकली आणि आपल्याकडे ८ मार्च २०१९ च्या शासन निर्णयाने ते लागू झाले. आता लेव्हल १० वरून ११ ला जाताना सेवा सहा वर्षं (एम.फिल. असेल तर पाच, पीएच.डी. असेल तर चार), ओरिएंटेशन २१ दिवसांचं, आणि त्याशिवाय रिफ्रेशर किंवा किमान आठवड्याचा एफडीपी किंवा एक मूक (खुला ऑनलाइन कोर्स), यातलं काहीतरी एक. पुढच्या टप्प्यांना दोन आठवड्यांच्या एका कोर्सऐवजी एकेक आठवड्याचे दोन चालतात. मूल्यमापनात पहिली गोष्ट बघतात ती नेमून दिलेले तास किती घेतले. ८० टक्के किंवा वर असेल तर 'चांगले'. दहा शोधनिबंधांची अट येते ती थेट १३ ए वरून १४ ला जाताना.

म्हणजे माणकाठ सर, तुमच्या ४३ पैकी जेमतेम चार-पाच कागद फाइलला लागतात. बाकीचे तुम्ही भीतीपोटी गोळा केलेत. आपण सगळ्यांनीच केलेत.

---

खडूधूळ | रविवार, सकाळी ६.४८

मी निवृत्त. पहाटे उठतो आणि धागे वाचतो, तेवढंच उरलंय.

तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर आहे, पण ते जुनं आहे. १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून पुढच्या वर्षापासून विद्यापीठांत शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी अकॅडमिक स्टाफ कॉलेजं निघाली. २०१५ ला पाटी बदलून एचआरडीसी झाली, २०२३ ला मालवीय मिशनची लागली. आम्ही गेलो तेव्हा पहिली पाटी होती आणि गाव औरंगाबाद होतं. ओरिएंटेशन चार आठवड्यांचं, निवासी. खोलीत तिघे: मी इतिहासाचा, एक भंडाऱ्याचे प्राणिशास्त्राचे, एक गोव्याहून आलेले इंग्रजीचे. रात्री दोन वाजेपर्यंत वाद.

व्याख्यानं बरीचशी विसरलो. एक गोष्ट विसरलो नाही. सूक्ष्म अध्यापनाचा तास होता. प्रत्येकाने दहा मिनिटं शिकवायचं आणि ते व्हिडिओ कॅसेटवर टिपायचे. मग सगळ्यांसमोर लावायचे. माझा प्लासीचा पाठ लागला. पडद्यावर दहापैकी सात मिनिटं माझी पाठ! शर्टाला घामाचा नकाशा आणि फळ्याशी चाललेला संवाद. भंडाऱ्याचे सर म्हणाले, "पाठ छान घेतला, पाठच दिसली." हॉल हसला. मीही हसलो, पण रात्री झोप आली नाही. तोवर सात वर्षं शिकवत होतो आणि कुणी सांगितलं नव्हतं.

परतल्यावर वर्गात मुद्दे तास सुरू व्हायच्या आधीच फळ्यावर लिहायला लागलो आणि तासभर मुलांकडे तोंड करून बोललो. एवढंच बदललं. पण निवृत्त होईपर्यंत टिकलं.

आताच्या ऑनलाइन प्रकारात हे काही होत नाही. सगळे कॅमेरे बंद, नावांच्या काळ्या चौकटी. त्याला प्रशिक्षण म्हणत नाहीत.

---

दोन_लेकरांची_आई | रविवार, सकाळी ९.२०

काका, आदर ठेवून असहमत.

तुमच्या त्या रात्री दोनपर्यंतच्या वादांत बायका किती होत्या? माझं ओरिएंटेशन आलं तेव्हा मुलगी अकरा महिन्यांची. निवासी, परगावी. आईला सोबत नेलं, विद्यापीठाजवळ एका खोलीचं तीन आठवड्यांचं भाडं भरलं, चहाच्या सुट्टीत पळत जाऊन पाजून यायची. समन्वयकांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, पाच मिनिटं उशीर झाला तर अर्धा दिवस कापू. एक दिवस कापलाही. दुसऱ्या मुलाच्या वेळी रिफ्रेशर ऑनलाइन निघाला तेव्हा मी देवाचे नाही, नेटवाल्याचे आभार मानले.

आणि ऑनलाइनमध्ये काही होत नाही हेही खरं नाही. माझा तास ज्याने बदलला तो ऑनलाइनच होता. आयआयटी मुंबईचा एफडीपी १०१ एक्स. दर आठवड्याला करून पाठवायचं काम असायचं, आणि सहकाऱ्यांनी एकमेकांचं तपासायचं. उगीच कॅमेरा लावून बसणं नव्हतं. तिथे 'थिंक-पेअर-शेअर' शिकले. नाव मोठं, गोष्ट साधी. प्रश्न द्यायचा. दोन मिनिटं प्रत्येकाने एकट्याने वहीत उत्तर लिहायचं, बोलायचं नाही. मग शेजारच्याला दाखवून दोघांनी भांडायचं. मग वर्गात सांगायचं.

मी रसायनशास्त्र शिकवते. पहिल्यांदा केलं तेव्हा विचारलं, उकळत्या पाण्यातले बुडबुडे कशाचे? हुशार मुलांनीसुद्धा वहीत लिहिलं, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे. पाणी उकळलं की त्याचे रेणू तुटतात असं त्यांना वाटत होतं! बारावीला ८५ टक्के घेऊन आलेली मुलं. मी वर्षानुवर्षं 'कळलं का' विचारत होते आणि ती 'हो मॅडम' म्हणत होती. कधी लिहून घेतलंच नव्हतं, तर कळणार कसं?

---

खडूधूळ | रविवार, सकाळी ९.५८

ताई, चुकलो. आमच्या तुकडीत चाळिसांत चार बायका होत्या. त्यांनी घरी काय काय बेतून ठेवलं होतं हे आम्ही कुणी विचारलंही नाही.

बुडबुड्यांचं उत्तर मलाही तुमच्या मुलांसारखंच आलं असतं. वाफेचे ना?

---

दोन_लेकरांची_आई | रविवार, सकाळी १०.०३

वाफेचेच. पूर्ण गुण.

---

पोहे_उपमा | रविवार, दुपारी १२.१५

परिसंवादांवर कुणीच बोललं नाही, म्हणून मी. टोपणनाव त्यातूनच आलंय.

एका 'आंतरराष्ट्रीय' परिषदेची हकीकत. गाव-कॉलेज सांगत नाही, सगळी सारखीच. नोंदणीला १८०० रुपये. त्यात रेक्झिनची पिशवी, पेन, पॅड आणि जाडजूड अंक, ज्यात माझा निबंध आधीच छापलेला. म्हणजे चर्चेआधीच संशोधन सिद्ध. आंतरराष्ट्रीयत्व शेजारच्या देशातून आलेल्या एका पाहुण्यांवर उभं होतं. उद्घाटन ११ चं, दीप पेटला साडेबाराला, स्वागतं दोनपर्यंत. जेवणानंतर समांतर सत्रं. आमच्या खोलीत ३४ निबंध आणि वेळ दीड तास. अध्यक्ष म्हणाले, प्रत्येकाने उभं राहून शीर्षक आणि निष्कर्ष सांगावा. माझ्या पुढच्या सरांनी शीर्षक वाचलं तेवढ्यात घंटी. बाहेर प्रमाणपत्रांच्या टेबलावर जी गर्दी होती ती यात्रेत नसते.

अंकाच्या मुखपृष्ठावर इम्पॅक्ट फॅक्टर (नियतकालिकाचं वजन सांगणारा आकडा) दशांश तीन स्थळांपर्यंत. कुणी काढला, देव जाणे.

---

नियमावली | रविवार, दुपारी १.४०

देव नाही, पण पुण्यात काही जणांनी हे तपासलं होतं. यूजीसीने २०१७ मध्ये मान्य नियतकालिकांची यादी काढली. विद्यापीठांनी सुचवलेल्या नावांचा त्यात मोठा भरणा होता. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी त्या भरण्यातला नमुना घेऊन पडताळला, तर ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिकं कसोटीला उतरली नाहीत. 'करंट सायन्स'मध्ये २०१८ साली तो अभ्यास छापून आला. त्याच वर्षी मेमध्ये यूजीसीने चार हजारांवर नावं वगळली. मग विश्वासार्ह नियतकालिकांची केअर यादी आली, तिचं कामही पुणे विद्यापीठातूनच चालायचं. तीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. आता कुठलं नियतकालिक बरं हे ठरवायची जबाबदारी संस्थांची, म्हणजे फिरून आपलीच.

---

कोरडवाहू_अर्थशास्त्र | रविवार, दुपारी ३.०२

सगळ्या परिषदांना एका सुपात घालू नका. मराठी अर्थशास्त्र परिषदेच्या अधिवेशनांना मी जातो. तिथेही स्वागतं लांबतात, जेवणाला रांग लागते. पण एका वर्षी माझ्या पीक विम्यावरच्या निबंधाला एका वयस्कर बाईंनी मागून विचारलं, "तुमच्या तक्त्यात कुळाने कसणारे कुठे आहेत?" नव्हते. विम्याचा अर्ज बहुतेकदा ज्याच्या नावावर सातबारा त्याचा, आणि शेत कसतो दुसराच. माझ्या दोन वर्षांच्या कामात हे मला सुचलं नव्हतं. पुढचा निबंध त्या एका प्रश्नातून झाला आणि 'अर्थसंवाद'मध्ये आला. मराठीत होता म्हणून बाईंनी तो बारकाईने ऐकला असावा असं मला वाटतं. इंग्रजी निबंध आपण ऐकत नाही, सहन करतो.

(माणकाठ सर, तुम्ही येता का अधिवेशनाला? चेहरा ओळखीचा असेल.)

---

तासिका_सात | रविवार, रात्री ८.४४

सगळं वाचलं. मजा आली, थोडी जळजळ पण झाली.

मी तासिका तत्त्वावर. नेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) आहे, पीएच.डी. आहे, दोन कॉलेजं आहेत, मधे ३४ किलोमीटर आहेत. तुमचे एफडीपी मे महिन्यात असतात. मे महिन्यात मी कुठल्याच कॉलेजचा नसतो, नेमणूक शैक्षणिक वर्षापुरती. अर्जावर प्राचार्यांची सही लागते, प्राचार्य म्हणतात तुम्ही आत्ता आमच्याकडे कुठे आहात? सत्र चालू असताना जावं तर ड्यूटी लीव्ह नाही. तास बुडाला की तासाचे पैसे बुडाले, वर नोंदणी फी खिशातून. एकदा घाटावरच्या एका कार्यशाळेचा फॉर्म भरताना 'पदनाम' या रकान्यात काय लिहू म्हणून फोन केला. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, कायम असाल तरच भरा.

तरी तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. दुसऱ्या कॉलेजात भूगोलाच्या एक मॅडम आहेत, निवृत्तीला आलेल्या. माझे दोन तास मधे रिकामे असतात, एसटी नसते. एक दिवस म्हणाल्या, इथं माश्या मारण्यापेक्षा माझ्या वर्गात बसा. बसलो. त्या नकाशा टांगतात आणि पहिली पाच मिनिटं एक शब्द बोलत नाहीत. मुलांना विचारतात, काय दिसतंय? कुणीतरी काहीतरी म्हणतं, मॅडम नुसत्या मान डोलावतात. आणखी कुणी? आणखी? पाच मिनिटांत निम्मी तासिका त्या मुलांची झालेली असते. मी राज्यशास्त्र शिकवतो. आता मतदारसंघाचा नकाशा टांगतो आणि गप्प उभा राहतो. पहिल्या दिवशी ती पाच मिनिटं संपता संपेनात, हात कुठे ठेवावे कळेना.

याचं प्रमाणपत्र नाही. मॅडमना सांगितलं तर लिहून देतील, पण जावक क्रमांक मिळणार नाही.

---

आयक्यूएसी_ग्रस्त | रविवार, रात्री ९.१०

तासिका सर, हे वाचून फाइल बंद केली आणि चहा केला. आणखी काय करू शकते माहीत नाही. आमच्या कॉलेजात पुढची कार्यशाळा ऑक्टोबरात आहे, फी नाही, पदनामाचा रकाना मी स्वतः काढून टाकते. खासगी संदेश बघा.

---

किनाऱ्यावरचा | सोमवार, सकाळी ७.३०

सिंधुदुर्गातून. भौतिकशास्त्र.

विज्ञानवाल्यांसाठी मालवीय मिशनच्या बाहेर बरंच काही आहे आणि लोक अर्जच करत नाहीत. पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान केंद्रात महाविद्यालयीन शिक्षकांना तीन-तीन वर्षांची असोसिएटशिप मिळते, अधूनमधून जाऊन राहायचं, ग्रंथालय वापरायचं, काम करायचं. बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या तिन्ही विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. ती विद्यार्थ्यांची म्हणून प्रसिद्ध आहे, पण शिक्षकांनाही असते, दोन महिने एखाद्या प्रयोगशाळेत. गणितवाल्यांसाठी नॅशनल सेंटर फॉर मॅथेमॅटिक्सच्या शिक्षक कार्यशाळा असतात.

माझं म्हणाल तर मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. शिक्षकांच्या शिबिरात आम्हाला एक बंद डबी दिली, बाहेर चार टोकं. आत काय जोडलंय ते न उघडता शोधा. कृती नाही, आकृती नाही, जर्नल नाही. एम.एस्सी. झालेले, वीस वर्षं शिकवणारे आम्ही दहा जण मल्टिमीटर घेऊन बावळटासारखे बसलो. आम्हाला आयुष्यभर 'साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान' एवढंच येत होतं. कृती काढून घेतली तर हातच चालेनात.

परत आल्यावर साबणाच्या प्लास्टिक डब्या घेतल्या, डझनाला काहीतरी किरकोळ. आत एकात रोध, एकात डायोड, एकात काहीच नाही. प्रॅक्टिकलच्या शेवटच्या आठवड्यात टी.वाय.ला देतो. 'काहीच नाही'वाली ज्यांना मिळते ती पोरं सगळ्यात जास्त भांडतात.

---

दूरदेशी | सोमवार, सकाळी ८.०५

मी अमेरिकेत एका कम्युनिटी कॉलेजात शिकवते. तासिका सरांनी सांगितलं तसं इथे रीतसर होतं. कायम होण्याआधी सहकारी येऊन मागे बसतात, मग अर्धा तास बोलतात, लेखी टिपण देतात. इथेही ते कधी कधी उपचारापुरतंच उरतं, गोडगोड लिहून मोकळे होतात. पण एकदा एका बाईंनी नुसता कागदावर वर्गाचा नकाशा काढला आणि मी ज्या ज्या बाकाकडे बघून बोलले तिथे टिंब दिलं. डावीकडची सगळी टिंबं. उजवीकडे पूर्ण सत्रभर मी बघितलंच नव्हतं.

---

पोहे_उपमा | सोमवार, सकाळी ८.४०

आमच्याकडे मागे येऊन बसणारा एकच, तो म्हणजे नॅकची तपासणीला येणारी पीअर टीम. आणि त्या दिवशी वर्गात सगळी हुशार मुलं, नवे पडदे आणि उसना प्रोजेक्टर.

---

माणकाठ | गुरुवार, रात्री ९.५०

उशीर झाला, माफ करा. फाइल दिली. (चार कागद लावले. नियमावली यांनी सांगितलेलेच.) आज मागणीचा नियम झाला. लांबण लावतो, सहन करा.

दोन गोष्टी ठरवून केल्या. एक, मराठीचे आमचे एक सर आहेत, त्यांना म्हटलं मागे बसा. ते म्हणाले मला अर्थशास्त्र कळत नाही. म्हटलं म्हणूनच. दुसरं, लेकरांच्या आईंची दोन मिनिटं वहीत लिहायची युक्ती.

पटावर ७१, हजर २६. नेहमीप्रमाणे व्याख्या दिली: इतर परिस्थिती कायम असताना किंमत वाढली की मागणी कमी होते, किंमत घटली की मागणी वाढते. तक्ता, आकृती, डावीकडून उजवीकडे खाली उतरणारी रेघ. इथवर मी झोपेतही शिकवतो. एरवी इथे 'कळलं का' म्हणून पुढे जातो. आज म्हटलं, वही काढा. तुमच्या गावात, घरात हा नियम मोडलेला कुठे बघितलाय? दोन मिनिटं. बोलायचं नाही.

दोन मिनिटांची शांतता किती मोठी असते हो! पंख्याचा आवाज मी त्या खोलीत पहिल्यांदा ऐकला. मग जोड्या लावल्या आणि कल्ला सुरू झाला. कुणी लिहिलं पेट्रोल, कुणी दारू, एकाने मोबाइलचा रिचार्ज. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी, आजवर तोंड उघडलेलं नाही, तिच्या शेजारणीने तिला ढकलून उभं केलं. म्हणाली, "सर, दसऱ्याला झेंडू महाग होतो. आणि खपतो पण जास्त. आमचा आहे झेंडू. एरवी वीसला कुणी विचारत नाही, दसऱ्याला शंभरला उरत नाही. मग तुमचा नियम कुठं गेला?"

तेरा वर्षांत हे मला कुणी विचारलेलं नाही. विचारायला मी जागाच ठेवली नव्हती. उत्तर मला येत होतं, तोंडाशी आलं होतं, पण तासिका सर आठवले, गप्प राहिलो. हात कुठे ठेवावे हा प्रश्न मलाही पडला. म्हटलं, बाकीच्यांनी सांगा. एक जण म्हणाला, नियम चुकीचा. एक म्हणाला, फुलाला लागू नाही. मग खिडकीजवळचा एक मुलगा, हा रोज उशिरा येतो, सावकाश म्हणाला, "सर, व्याख्येत 'इतर परिस्थिती कायम' म्हटलंय. सण आला म्हणजे परिस्थिती कायम कुठंय?"

तो शब्द मी तेरा वर्षं घोकून घेतला. उत्तरपत्रिकेत नसेल तर अर्धा गुण कापला. त्याचा अर्थ आज त्या पोराने लावला. झेंडूवाली फळ्याकडे बघत होती. म्हणाली, "म्हणजे सणाला ही रेघच पलीकडं जाते का?" फळ्यावर तोवर एकच रेघ होती. खडू तिच्या हातात दिला. दुसरी तिनेच काढली. थोडी वाकडी, पण योग्य बाजूला.

मागणीतला विस्तार-संकोच वेगळा आणि वृद्धी-ऱ्हास वेगळा, हे मी एरवी दोन तास घेऊन शिकवतो आणि परीक्षेत निम्मी मुलं उलटं लिहितात.

आता मराठीचे सर. स्टाफरूममध्ये चहा घेताना खिशातून कागद काढला. वर तीन ओळी चांगल्या होत्या. मग खाली उभ्या रेघा, पाच-पाचच्या जुड्या. म्हणाले, "पहिल्या वीस मिनिटांत 'कळलं का' अकरा वेळा म्हणालास. एकदाही उत्तरासाठी थांबला नाहीस. वही काढायला लावल्यावर एकदाही म्हणाला नाहीस." पुढच्या बुधवारी त्यांचा तुकारामाचा तास आहे, मला मागे बसायला सांगितलंय. म्हटलं मला कविता कळत नाही.

दोष एवढाच की पोर्शन मागे पडला. आज लवचीकता सुरू व्हायला हवी होती.

---

दोन_लेकरांची_आई | गुरुवार, रात्री १०.०२

पोर्शन पडतोच मागे. मी दर घटकाला एकच प्रश्न ठेवते, रोज नाही. नाहीतर मार्चमध्ये रडायची वेळ येते. झेंडूवालीला शाबासकी सांगा.

---

कोरडवाहू_अर्थशास्त्र | गुरुवार, रात्री १०.२६

झेंडू चोरतोय. माझ्याकडे आजवर 'रमजानमधला खजूर' होता, पण तो पुस्तकी वाटायचा. पुरवठ्याच्या तासाला तिला हेही विचारा, की दसऱ्याला भाव मिळतो हे सगळ्यांना माहीत असून ऐन दसऱ्याच्या रात्री बाजारात झेंडू फेकून का द्यावा लागतो. तिच्या घरच्यांना ते आकडे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतील.

---

खडूधूळ | शुक्रवार, सकाळी ६.३०

वाचून बरं वाटलं. खडू मुलीच्या हातात दिलात ते विशेष. मी कधी दिला नाही.

---

तासिका_सात | शुक्रवार, दुपारी २.१८

माणकाठ सर, टोपणनावावरून अंदाज करतोय, तुम्ही आमच्यापासून फार लांब नसाल. गुरुवारी मला दोन्हीकडे तास नाही. तुमच्या वर्गात मागे बसलो तर चालेल का? लवचीकतेच्या तासाला. परवानगी वगैरे लागत असेल तर अर्ज आणतो.

---

माणकाठ | शुक्रवार, रात्री ९.१५

प्राचार्यांना विचारलं. ते म्हणाले, काय हरकत नाही, पण नोंद कुठल्या रजिस्टरला करायची? म्हटलं चहाच्या. हसले.

या. सव्वानऊचा तास, खोली १२, जिना चढून डावीकडे. सकाळची एसटी आठ पन्नासला पोचते, स्टँडवरून पाच मिनिटं. मागच्या बाकावरचा पंखा बंद आहे, खिडकीशी बसा. आणि तो मतदारसंघाचा नकाशा घेऊन या, अकराला राज्यशास्त्राच्या मॅडमचा तास असतो, त्यांना बघायचाय.